गुळव्याचं नाक

कारखान्याच्या लॅबमध्ये अकरा वर्षं
मी उसाचा ब्रिक्स मोजला.
तोच रिफ्रॅक्टोमीटर, काचेवर तोच ओरखडा,
आता कुंभोजच्या माळावर उन्हाकडं धरते.
द्राक्षाचा एक थेंब. तेवीस पॉइंट चार.
अजून दोन दिवस थांबू, हौसाक्का.
हौसाक्का कात्री पुसत म्हणते,
पाखरं थांबत्यात व्हय?

इथं नुसता मुरूम.
पाण्याची पाळी लांबली की ऊस पिवळा पडायचा,
वेलाला मात्र ही उपासमार मानवली.
ग्रेनाशनं पहिल्या बहारात अर्धे मणी गाळले,
शिराज माजली, तारा वाकवल्या तिनं,
आणि मुर्वेद,
मार्च सरला, बाकी सगळं पिंपात गेलं,
तरी हा जाड सालीचा आंबट गडी
वेलीवर हटून.

आण्णांच्या ताटात कांदा नाही, लसूण नाही, कंद नाही,
दिवस मावळल्यावर घोटभर पाणी नाही,
आणि माझ्या शेडकडं तीन वर्षं पाय नाही.
गावात कुणी विचारलं तर सांगतात, पोरगी बेदाणा करती.
बेदाण्याचा असा दर्प गल्लीभर सुटत नाही,
हे गावाला कळतं. गाव मान डोलावतं.
मला एवढंच विचारलं होतं, एकदा,
पहिली टाकी फसफसत होती तेव्हा :
एका थेंबात जीव किती, मोजलेस?
मोजले होते. सूक्ष्मदर्शकाखाली, चौकटी आखलेल्या काचेवर.
आकडा मी सांगितला नाही.

परवा मिश्रणाला बसले.
खिडकीच्या कट्ट्यावर पाच पेले, एक मोजनळा,
कारखान्याच्या जुन्या डायरीची कोरी पानं.
साठ, तीस, दहा.
ग्रेनाशला तुतीचा लाल गोडवा, तोंडात येतो आणि निघून जातो.
शिराजला मिरी,
मागून पेटवलेल्या फडाचा धूर.
मुर्वेदला नव्या पायताणाचा वास,
तेल पाजायच्या आधीचा.
एकेकटे तिघंही बोलतात.
एकत्र ओतले की खाली मान घालून बसतात,
सोयरिकीच्या बैठकीत बसावं तसे.
पंचावन्न, पस्तीस, दहा. नाही.
सत्तर, वीस, दहा. पाणचट.
जीभ बधिर. चुरमुरे खाल्ले, चूळ भरली, पुन्हा.

दारात सावली पडली.
आण्णा. उंबऱ्याच्या पलीकडं, चपला पायात तशाच.
बत्तीस वर्षं गुळव्या होता हा माणूस.
काहिलीकडं पाठ करून उभा राहायचा
आणि नुसत्या वासावर सांगायचा, उतरा.
क्षणभर मागं फिरला असता पाक तर
आख्खं आधण वाया.

वारा पश्चिमेचा होता.
ते बाहुबलीच्या डोंगराकडं बघत होते, पेल्यांकडं नाही.
म्हणाले,
तिसऱ्यात कोण तरी एकटं पडलंय.
कोण, आण्णा?
मला काय ठाव. खालच्या अंगाला हाय कोण तरी, जाड.
त्याला जोर कमी दिलास.

मी मुर्वेद वाढवला. बारा.
ते काही बोलले नाहीत.
पंधरा.
हौसाक्का बाहेर जाळी गुंडाळत होती, तिचा हात थांबला.
सतरा.
आला, म्हणाले आण्णा,
आणि ते उतरा-च्याच आवाजात म्हणाले,
लगेच गप्प झाले,
जसं काही दुसऱ्याच कुणाच्या तोंडून गेलं.

मग घराकडं गेले, भरभर.
न्हाणीतून तांब्याचा आवाज ऐकू आला मला,
एक तांब्या, दुसरा, बराच वेळ,
सकाळची अंघोळ झालेल्या माणसाचा.
दिवस अजून हातभर वर होता.
जेवले असतील वेळेत.

डायरीत लिहिलं : साठ, तेवीस, सतरा.
शेऱ्याच्या रकान्यात नाव घालायला पेन टेकवला,
उचलला.
लिहिलं, वारा पश्चिमेचा.